संवादकौशल्याच्या स्पर्धा आणि नंबर न आलेलं पत्र

खडूफळा
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवते. दरवर्षी जानेवारीत आमचा विभाग आंतरमहाविद्यालयीन व्यावसायिक संवादकौशल्य स्पर्धा घेतो. सांगली-मिरजेची मुलं असतातच, शिवाय जत, विटा, पलूस, शिराळा, पार कऱ्हाडपासून मुलं एसटीने येतात. चार फेऱ्या असतात: पत्रलेखन, गटचर्चा, सादरीकरण आणि मॉक इंटरव्ह्यू.

यंदाच्या तयारीला लागायचं आहे, पण मन लागत नाहीये. कारण गेल्या वर्षीचं एक पत्र.

विषय होता, दुकानासाठी मागवलेल्या डाळिंबाच्या काही पेट्या खराब निघाल्या, पुरवठादाराला पत्र लिहा. वेळ २० मिनिटं, भाषा इंग्रजी. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली. पहिल्या परिच्छेदात खेद, दुसऱ्यात नाराजी, तिसऱ्यात 'लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही व्हावी'. एका मुलीचं पत्र अकरा ओळींचं होतं. पेट्या किती आल्या, किती खराब, गाडी किती वाजता लागली, पहिली पेटी कुणासमोर उघडली, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं की शुक्रवारपर्यंत १८ पेट्या बदलून द्या, नाहीतर तेवढे पैसे पुढच्या बिलातून वळते करा. खराब माल फेकलेला नाही, माणूस पाठवून बघून घ्या. इंग्रजी मोडकं. 'रॉटन' हा शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा स्पेलिंग वेगळं.

तिचा नंबर आला नाही. गुणांचा तक्ता असा होता: भाषा २५, शब्दसंपदा २५, नमुन्याप्रमाणे रचना २५, टापटीप १५, आशय १०. हा तक्ता मीच तयार केला होता. निकालानंतर ती विचारायला आली, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, स्पेलिंग. ती "बरं" म्हणाली आणि जतची गाडी गाठायला पळाली.

ते "बरं" अजून डोक्यातून जात नाही. तर प्रश्न हा, की या स्पर्धांत नेमकं मोजायचं काय? मराठीला जागा द्यायची का? आणि तुम्ही कुठे खरोखर चांगली फेरी पाहिली असेल तर सविस्तर सांगा.

दुसरी_पाळी
मॅडम, त्या मुलीला माझ्याकडे पाठवा, उद्या रुजू करून घेतो. मनापासून सांगतोय.

कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात भरतीचं बघतो. आमच्याकडे पोरं येतात ती मुलाखतीत "माझी बलस्थानं, माझ्या उणिवा" घडाघडा म्हणतात. आणि महिन्याभरात पाळी बदलताना वहीत लिहितात, "मशीन नं. ४ ला प्रॉब्लेम आहे." एवढंच. मागच्या पावसाळ्यात नेमकी हीच ओळ लिहून एक पोरगा घरी गेला. सकाळच्या माणसाने मशीन चालू केलं, बेअरिंग जाम होऊन बसलं आणि दुपारपर्यंत काम ठप्प. रात्री तीनपासून बेअरिंग तापत होतं, दोनदा बंद करून गार केलं होतं, हे त्याला माहीत होतं. वहीत मात्र आलं नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, कसं लिहायचं ते सुचलं नाही."

ह्याची फेरी घ्या. एका मुलाला पाच मिनिटं बिघाडाची हकिगत सांगा, त्याने चार ओळींत वहीत नोंद करायची. दुसऱ्याने ती नोंद वाचून आता काय करणार ते सांगायचं. गुण दुसऱ्याच्या उत्तरावरून पहिल्याला.

अडकलेपुण्यात
सगळे त्या मुलीच्या बाजूने बोलणार, म्हणून मी दुसरी बाजू मांडते.

मी इस्लामपूरकडची, मराठी माध्यमाची. पुण्यात पहिल्या चार मुलाखती इंग्रजीमुळे गेल्या. विषय येत होता, आकडे पाठ होते, तोंड उघडलं की वाक्य मध्येच तुटायचं. कॉलेजात सगळ्यांनी "भाषेचं काय एवढं, आशय महत्त्वाचा" म्हणून माझी समजूत काढली होती. त्या समजुतीची किंमत मी मोजली. त्यामुळे मराठीला जागा द्यायची म्हणजे इंग्रजीतून सुटका असं होऊ देऊ नका. तालुक्याच्या मुलीला इंग्रजीची गरज शहरातल्या मुलीपेक्षा जास्त आहे.

मला सावरलं ते टोस्टमास्टर्सने, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबने. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही चळवळ पुण्यातही चांगली रुजली आहे. भाषण पाच ते सात मिनिटांचं. वेळ दाखवायला हिरवं, पिवळं, लाल कार्ड. एक जण फक्त तुमचे "अं... आ..." मोजायला बसलेला. पहिल्या दिवशी माझे एकतीस झाले होते. पण बोलणं झाल्यावर एक जण उभा राहून काय चांगलं झालं आणि पुढच्या वेळी काय बदल, ते सांगतो. स्पर्धेत नेमकं हेच नसतं. मुलं हरतात, का हरलो ते कळत नाही आणि बस पकडून घरी जातात.

खडूफळा
@अडकलेपुण्यात, शेवटचं वाक्य लागलं. आणि खरं आहे. पन्नास मुलं आणि दोन परीक्षक, प्रत्येकाशी बोलायला वेळच उरत नाही, असं आम्ही म्हणत आलो.

बेदाण्याचीपेटी
आमची तासगावला बेदाण्याची अडत आहे. सासऱ्यांनंतर फोन आणि हिशोब माझ्याकडे आला. दिवसाला सत्तर-ऐंशी फोन. शेतकऱ्याशी मराठीत, उत्तरेकडच्या व्यापाऱ्याशी हिंदीत, कोल्ड स्टोरेजवाल्याशी अर्धं-अर्धं, आणि एक्स्पोर्टवाल्यांच्या ईमेलला इंग्रजीत उत्तर. मी बारावी शिकलेय.

सगळ्यात अवघड फोन कुठला असतो सांगू? सौद्यात भाव पडलेला असतो आणि शेतकरी घरी वाट बघत असतो. त्याला आकडा सांगायचा असतो. नवीन दिवाणजी आधी बाजाराची रडकथा लावतो, आवक फार, मागणी नाही, असं-तसं. समोरच्याचा जीव टांगणीला. मी आधी आकडा सांगते. "दादा, तुमचा माल अमुक भावाने गेला." मग गप्प बसते. तो काय बोलतो ते पूर्ण ऐकते. कधी शिव्याही ऐकते. मग सांगते की रंग उतरला होता, काडी जास्त होती, आणि पुढची वीस पेटी ठेवायची की काढायची ते विचारते. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर, हमाली-तोलाई वेगवेगळी लिहून.

वाईट बातमी सांगायची फेरी ठेवा मॅडम. ह्यात पोरांचा कस लागेल.

नाद_खुळा_९७
वैनी, तुम्हाला परीक्षक नेमलं पाहिजे. विषय संपला.

हळदपेठ
आमच्याकडं एका कॉलेजची पोरं आली होती सादरीकरणाची तयारी करायला. विषय 'सांगलीच्या हळदीचं ब्रँडिंग'. स्लाइडा लई भारी, २०१८ ला जीआय मानांकन मिळालं ते, नकाशा, लोगो, सगळं. मी त्यांना एक कांडी हातात दिली आणि म्हटलं, ही विका मला. पोरगं कांडीकडं बघतंय, माझ्याकडं बघतंय. म्हटलं, मोडून तरी बघ. मोडली. आतला रंग बघून त्याचा चेहराच बदलला, बोटं पिवळी झालेली सगळ्यांना दाखवायला लागला. मग जे बोललं ते एक नंबर. त्याला म्हटलं, आता ह्या बोटांनीच स्टेजवर जा.

नाट्यपंढरीचा
देहबोलीला सगळे नावं ठेवतील त्याआधी लिहितो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते ह्याच सांगलीत. आमच्या गावाला मंचाचं मोल कुणी शिकवायला नको. उभं कसं राहायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, थांबायचं कुठे, हे मोजलंच पाहिजे. पुटपुटणाऱ्या माणसाचा उत्तम आशय कुणापर्यंतच पोचत नाही.

पण एक भेद आहे. मी वीस वर्षं कॉलेजच्या एकांकिका बसवतोय. चांगला नट समोरच्याचं वाक्य ऐकतो आणि मग बोलतो. वाईट नट समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघतो. मी गटचर्चेच्या फेऱ्या पाहिल्यात, तिथे आठही मुलं वाट बघत असतात. "मला एक मुद्दा मांडायचा आहे" म्हणून घुसणाऱ्याला नेतृत्वाचे गुण मिळतात. मधे कुणी "तू आत्ता जे म्हणालास ते परत सांग, मला नीट कळलं नाही" असं म्हटलं, तर परीक्षक त्याचे गुण कापतात. मी असल्या जागी परीक्षक होतो आणि भांडून एका मुलीचे गुण परत मिळवून दिलेत.

न्यूजर्सीतला_मिरजकर
इथल्या शाळांतल्या पद्धती सांगतो, काही घेता आलं तर बघा.

दोन मोठ्या विद्यार्थी संघटना आहेत. एक एफबीएलए, म्हणजे फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका. तिची शाळेतली पहिली शाखा १९४२ मध्ये टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत निघाली. दुसरी डेका, १९४६ पासूनची. एफबीएलएमध्ये 'बिझनेस कम्युनिकेशन' हा प्रकार चक्क बहुपर्यायी लेखी परीक्षा आहे. व्याकरण, पत्राचे प्रकार, विरामचिन्हं वगैरे. बोलायचे प्रकार वेगळे: भाषण, विक्रीचं सादरीकरण. नोकरीच्या मुलाखतीच्या प्रकारात आधी बायोडेटा आणि अर्जाचं पत्र द्यावं लागतं. पोशाखाचा नियम कडक. माझ्या मुलीला आयत्या वेळी बूट बदलायला लागले होते.

पण मला आवडलं ते डेकाचं रोल-प्ले. मुलाला एक कागद देतात. तू अमुक हॉटेलचा सहायक व्यवस्थापक, समोरचा तुझा वरिष्ठ किंवा गिऱ्हाईक, अडचण अशी अशी. तयारीला दहा मिनिटं. मग परीक्षकच ती भूमिका घेऊन बसतो आणि दहा मिनिटं बोलणं होतं. तो आडवे प्रश्न विचारतो. पाठांतर चालतच नाही. कोणत्या गोष्टींवर गुण मिळणार ते त्या कागदावरच छापलेलं असतं, म्हणजे मुलाला आधीच माहीत.

बेदाणेवाल्या ताईंनी सांगितलेला फोन हा तयार रोल-प्ले आहे. परीक्षकाने शेतकरी व्हायचं.

अडकलेपुण्यात
+१. गुण कशावर ते आधी छापून द्यायचं, हे आम्हाला कधीच कुणी दिलं नव्हतं.

आटपाडीएक्सप्रेस
थ्री मिनिट थीसिस ऐकलंय का कुणी? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने ही स्पर्धा २००८ ला सुरू केली. पीएच.डी. करणाऱ्याने आपलं संशोधन तीन मिनिटांत सांगायचं. एकच स्लाइड, तीही हलती नाही. कुठली वस्तू आणायची नाही, गाणं-कविता नाही. तीन मिनिटांवर गेला की बाद.

ह्याच्या मागची गोष्ट मला फार जवळची वाटते. तेव्हा तिकडे दुष्काळ होता. अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोकांनी न्हाणीघरात वाळूची घड्याळं लावली होती, त्यावरून ही कल्पना निघाली. आमच्या आटपाडीत अंघोळीला घड्याळ कधी लागलं नाही. बादली एकच असायची, ती संपली की अंघोळ संपली. तुमच्या सादरीकरणात स्लाइडा मोजून एक द्या. मुलं आपोआप बोलायला लागतील.

नाद_खुळा_९७
एक बादली, एक स्लाइड. बोर्ड छापून लावा हॉलमधी.

कुंडलचा_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे. एक जुनी गोष्ट आठवली ती सांगतो, फेरीसाठी उपयोगी पडेल.

किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली, आमच्या कुंडलच्या माळावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, पण तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर उत्तम होता. अडचण होती ती समोरच्याच्या भीतीची. १९२० साली त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याचं आणि गिऱ्हाइकांचं पत्र म्हणून. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. यंत्राच्या कारखान्याला छापखान्याची गरज का वाटली असेल, हे मुलांना विचारा.

फेरी अशी घ्या: समोर शेतकरी बसलाय, त्याच्या वाडवडिलांनी लाकडी नांगर वापरलाय, तुम्ही लोखंडी विकायला आलात. मराठीत बोला. त्याच्या भीतीला न हसता जो बोलेल त्याला पैकीच्या पैकी गुण.

बेदाण्याचीपेटी
मास्तर, तुमच्या शेवटच्या वाक्याला हात जोडते. आम्हाला ठिबकवाले विकायला यायचे तेव्हा सासरे घाबरून "बघू, बघू" म्हणायचे आणि ते पोरगं त्यांना अडाणी समजून निघून जायचं.

एसवाय_बीकॉम
मी अशा सहा स्पर्धांना गेलोय, म्हणून लिहितोय. नाव लिहीत नाही.

सादरीकरण आमचे सर लिहून देतात. आम्ही पाठ करतो. एका ठिकाणी माझा नंबर बारावा होता, आधीचे अकरा जण 'स्टार्टअप' वर बोलले आणि मीही स्टार्टअपवरच बोललो. परीक्षक मोबाइलमध्ये बघत होते. मी मधला एक परिच्छेद विसरलो तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तिसरं बक्षीस मिळालं. घरी सगळे खूश झाले, मला मात्र आठवडाभर कसंतरी होत होतं.

आणि पत्रलेखन घरून आणायला सांगू नका. सगळे चॅटजीपीटीकडून घेतात. पन्नास पत्रं, सगळ्यांत "आशा आहे की हे पत्र आपल्याला सुखरूप मिळेल".

दुसरी_पाळी
@एसवाय_बीकॉम, तुला जे कसंतरी होत होतं ना, ते जपून ठेव. चांगलं लक्षण आहे.

पत्रावरून आठवलं. जागेवर लिहायला द्या, पण नुसता विषय देऊ नका. सामान द्या. एक बिल, एक गाडीची पावती, फोनवरच्या बोलण्याची चिठ्ठी, त्यातला एक आकडा मुद्दाम न जुळणारा. बिलावर ६० पेट्या, पावतीवर ५८. ज्याने हे पकडलं आणि पत्रात विचारलं, त्याला गुण. हे चॅटजीपीटीला सांगायलाही आधी दोन्ही कागद वाचायला लागतात.

हळदपेठ
बक्षीस काय देता मॅडम? प्रमाणपत्र आणि ट्रॉफी नको, घरात धूळ खाते. सांगलीचं भडंग द्या.

न्यूजर्सीतला_मिरजकर
भडंग म्हटल्यावर माझं कामातलं लक्ष उडालं. जयसिंगपूरचं की सांगलीचं हा वाद इथे नको, तीन पानं जातील.

नाट्यपंढरीचा
वाद नाहीच आहे. सांगलीचं. आणि मिरजकरांनी सतारीवर बोलावं.

खडूफळा
धागा परत रुळावर आणते, भडंगाचं मात्र नोंदवून घेतलंय.

काल विभागाची बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते. सहकाऱ्यांशी बरीच ओढाताण झाली. एक जण म्हणाले, मराठी आणली तर 'व्यावसायिक' हा शब्दच काढा. मी त्यांना ताईंच्या फोनचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे वडील द्राक्षवाले होते. तो आकडा ऐकताना मी शेजारी बसलेला असायचो." पुढे त्यांनी विरोध केला नाही.

ठरलं ते असं. पत्रलेखन जागेवर, बिल-पावतीसकट, इंग्रजीतच. @अडकलेपुण्यात, तुमचं म्हणणं पटलं, म्हणून भाषेचे गुण ठेवलेत, २५ चे ३०. आशयाला ४५, बाकीचे रचनेला. पत्र वाचून समोरचा माणूस लगेच कामाला लागू शकतो का, हा आशयाचा पहिला निकष. तक्ता मुलांना आधी छापून देणार. गटचर्चा बंद, तिच्या जागी रोल-प्ले, मराठीत, तयारी दहा मिनिटं. सादरीकरण एका स्लाइडचं, तीन मिनिटं, नंतर चार मिनिटं प्रश्न. पाळीच्या वहीची फेरी मॉक इंटरव्ह्यूमध्येच घालतोय.

आणि प्रत्येक मुलाला परीक्षकाने हाताने लिहिलेल्या दोन ओळी, निकालाच्या आधी.

अडकलेपुण्यात
भाषेचे ३० पाहून बरं वाटलं. दोन ओळी लिहायला माणसं कमी पडली तर मी येते. शनिवार-रविवार ठेवा, माहेरी मुक्काम करीन.

कुंडलचा_मास्तर
रोल-प्लेला शेतकरी म्हणून मी बसतो. अभिनय करावा लागणार नाही.

आटपाडीएक्सप्रेस
मॅडम, एक राहिलं. त्या जतच्या मुलीला कळवलंत का?

खडूफळा
कळवलं. तिच्या कॉलेजातून नंबर मिळवून फोन केला. म्हटलं, तुझं पत्र बरोबर होतं, आमचा तक्ता चुकला होता. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, त्या १८ पेट्या खऱ्याच होत्या. आमच्या पप्पांच्या. फक्त आम्ही पुरवठादार होतो, दुकानदाराने पप्पांना असंच पत्र पाठवलेलं, मराठीत. म्हणून मला माहीत होतं काय काय लिहायचं." मी विचारलं, मग पप्पांनी काय केलं? "माणूस पाठवून माल बघितला आणि पेट्या बदलून दिल्या."

यंदा ती टीवायला आहे, परत भाग घेणार आहे. स्पेलिंगचं मी तिला रोज दहा शब्द पाठवतेय.

बेदाण्याचीपेटी
मला परीक्षक म्हणून बोलवायचं असेल तर सौद्याचा वार सोडून तारीख धरा. आणि माझी गाडी तासगावहून येते, दहाच्या आत फेरी लावू नका.